खाटकाच्या कागदावरचा रेल्वेफाटा

मी एक कागद बोलतोय. तपकिरी, जाड, मांसाच्या दुकानात गिऱ्हाइकाचा माल गुंडाळून देतात ना, तसला. लांबीला अकरा फूट, रुंदीला दोन. आता वय झालं. कडा विरल्यात, आणि एका टोकाजवळ आडवी चिकटपट्टी मारलेली आहे. थंडी वाढली की तिथं ओढल्यासारखं होतं.

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या अंगावर पुष्कळ काही लिहिलंय, पण कुणी मोठ्यानं वाचलं तरच ते मला कळतं. मला कळतो तो दाब. पेन्सिल हलकी टेकली की माणूस अजून विचारात आहे. जोरानं टेकली की त्याचं ठरलं. आणि खोडरबर फिरायला लागला की समजायचं, वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी बोललंय.

आणखी एक. मी संशयी आहे. जन्मतः नव्हतो, माणसांत राहून झालो. हातात मोजायची टेप घेतलेल्या माणसावर तर माझा अजिबात विश्वास नाही. परवा ड्वेन राडमाकर तळघरात उतरला तो हातात टेप आणि खिशात चाकू घेऊन, तेव्हापासून मला चैन नाही. हा ड्वेन कोण आणि मी त्याला एवढा का घाबरलो, ते सांगायचं तर मागं जायला हवं.

मी झाड होतो त्याचं मला काही आठवत नाही. आठवतं ते ऑर्विल टेस्कीच्या दुकानातलं लोखंडी दांडकं. विस्कॉन्सिनमधलं वेलबर्ग गाव, गावाच्या रस्त्यावर ऑर्विलचं मांसाचं दुकान, आणि दुकानाच्या पाठीमागून जाणारा मालगाडीचा फाटा. मी त्या दांडक्यावर गुंडाळलेला होतो. रोज माझ्या भावंडांतला एकेक ओढला जायचा, पात्यावर टर्रकन फाटायचा आणि सॉसेज नाहीतर डुकराची मांडी पोटाशी धरून निघून जायचा. परत कुणी आलं नाही. आपलीही पाळी येणार, असं धरून चाललो होतो.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या वसंतात रीळ संपत आलं. शेवटचे अकरा फूट राहिले, म्हणजे मी. एका शनिवारी दुकान बंद करताना ऑर्विलनं मला दांडक्यावरून काढलं, कोटाच्या आत घातलं आणि घरी नेलं. आपलंच दुकान, आपलाच कागद, आणि हा माणूस चोरासारखा मागच्या दारानं निघाला. माझा पहिला संशय तिथला.

घरी त्यानं मला तळघरात लांबच्या भिंतीशी जमिनीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर काट्याची वजनं ठेवली. मग सॉसेज बांधायची दोरी घेतली, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि माझ्यावर एक मोठी, सुरेख वळती रेघ काढली. हलकी. मग पुन्हा तीच रेघ, जोरात. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

ते तसं नव्हतं. ऑर्विलला त्या फाट्याची छोटी गाडी करायची होती. जंक्शनपासून वेलबर्गपर्यंत सगळा फाटा, त्यावरची गोदामं, रूळ बदलायचे सांधे, डबे बाजूला लावायची सायडिंगं, इंचाला सात फूट अशा मापानं तळघराच्या बावीस फुटी भिंतीलगत फळीवर उभा करायचा. त्याआधी नकाशा, आणि नकाशा म्हणजे मी. तळघराच्या अर्ध्या मापाचा, जिना, घर गरम करायची भट्टी, मोरी सगळं जागच्या जागी दाखवणारा.

वय छप्पन्न, हातात सुरा धरणारा माणूस, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. असल्या माणसानं छोटी आगगाडी खेळायची म्हणजे गाव हसणार. म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुढचं सगळं त्या न सांगण्यातून झालं.

रविवारी चर्च सुटलं की तो फाट्यावर जायचा. सायडिंगची लांबी पावलांनी मोजायचा, दोन रुळांमधलं अंतर टेपनं, आणि लोण्याच्या कारखान्यासमोर उभा राहून खिडक्या मोजायचा. वहीत टिपायचा आणि संध्याकाळी पँटला काटे-कुसळं घेऊन माझ्यासमोर बसायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी यायची तेव्हा तर दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून मागच्या दारात जायचा. कोणता डबा कुठं लावला, इंजिन किती वेळा मागं-पुढं झालं, सगळं वहीत.

आता गावाचं ऐका. आदल्या वर्षी शेजारच्या फाट्यावर अशीच दोन माणसं आली होती. टेप, वही, गोड बोलणं. सहा महिन्यांत तिथले रूळ उखडून नेले. तेव्हापासून वेलबर्गमध्ये रुळांजवळ कुणी वाकला तरी लोक पडद्याआडून बघायचे. त्यात ऑर्विलचा मेहुणा आर्डेल, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, रेल्वे कंपनीच्या शहरातल्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर. मग काय, ज्याला त्याला एकच शंका. कंपनीनं या वेळी परका माणूस पाठवला नाही, गावातलाच धरला.

सगळ्यात जास्त शंका ड्वेनला. फाट्याच्या टोकाला ड्वेनची पशुखाद्याची गिरणी होती. गाडीला मिळणारा निम्म्याहून अधिक माल तिचा, आठवड्याला तीन डबे. गिरणी आहे तोवर फाटा आहे, हे गावातल्या गाईंनाही ठाऊक होतं. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात शहरातली एक मोठी कंपनी गिरणी विकत मागत होती. गिरणी बंद करून तिथं ट्रकचं गोदाम करायचं. जुलैच्या एका शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही करायची की नाही ते सांगायचं होतं. ड्वेनच्या बापानं उभी केलेली गिरणी. त्याचं मन होत नव्हतं. पण फाटाच जाणार असेल तर बिनरुळाची गिरणी पुढं कोण घेणार, हा घोर होता.

तो दुकानात यायचा आणि काचेवर कोपर टेकून उभा राहायचा. नंतर ऑर्विल तळघरात बसून ते बोलणं स्वतःशीच पुन्हा म्हणायचा, म्हणून मला माहीत.

"रविवारी रुळांवर काही हरवलं होतं का रे तुझं?" ड्वेननं विचारलं होतं.

"फिरायला गेलो होतो. डॉक्टरनं सांगितलंय."

"टेप पण डॉक्टरनंच दिली वाटतं."

ऑर्विलचे कान लाल झाले. त्यानं दोन सॉसेज जास्त घातले. फुकटचे सॉसेज बघून तर ड्वेनची शंका पक्की झाली, कारण टेस्कीनं वजनापेक्षा जास्त दिल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

माझी अडचण वेगळी होती. मी भरलो. जंक्शन बसलं, नाल्यावरचा पूल बसला, काकड्या खारवायची लाकडी पिंपं बसली, लोण्याचा कारखाना बसला, डुकरांचे कोंडवाडेही बसले. मग आलं वेलबर्ग गाव आणि गावाच्या टोकाला गिरणी, तीन सायडिंगांची. पण भिंतीच्या त्या टोकाला मार्लिसचं कपडे धुवायचं मशीन होतं, माझ्यावरही त्याचा चौकोन काढलेला. मार्लिस म्हणजे ऑर्विलची बायको. त्यानं हसत हसत, मशीन जरा दोन फूट सरकवलं तर, असं विचारून पाहिलं. ती म्हणाली नळ तिथं आहे, मोरी तिथं आहे, आणि मीही तिथंच आहे.

त्यानं गिरणी खोडली. पुढच्या रविवारी पुन्हा काढली, जरा तिरकी. मशीनला लागली. खोडली. पुन्हा काढली. असं सात वेळा. तिथं मी इतका पातळ झालो की खालची फरशी दिसायला लागली. मार्लिस कपड्यांची टोपली घेऊन यायची आणि रेघ मशीनच्या किती जवळ आलीय ते बघून जायची. बोलायची नाही. तिचं न बोलणं मला आवडायचं नाही.

शेवटी ऑर्विलनं वेंडेलला बोलावलं. वेंडेल दातांचा डॉक्टर, चाळीस मैलांवर राहायचा. ऑर्विलची दाढ काढताना दोघांना कळलं होतं की आपण एकाच वेडाचे. वेंडेलच्या घरी तर अख्खा डोंगर होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला की सगळंच घेशील तर काहीच दिसणार नाही. या लोकांत हीच रीत. खरा फाटा एकवीस मैलांचा, भिंत बावीस फुटांची, मग काही ठेवायचं, काही गाळायचं. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही असं त्यांना वाटतं. चार धंदे धरलेस, एक बाद कर, वेंडेल म्हणाला.

त्या संध्याकाळी ऑर्विलनं गिरणी आठव्यांदा काढलीच नाही. खोडलेल्या जागेवर त्यानं काहीतरी लिहिलं. दाब जोराचा होता, पण एकसारखा नव्हता. मला वाटलं, हे त्याला आवडलेलं नाही. पण मी अडाणी, मला काय लिहिलंय ते कळलं नाही.

तळघरात मार्लिसची ये-जा, आणि तिची नजर त्याला नको होती, तेव्हा त्यानं मला दुकानात नेलं. कागद लपवायचा तर कागदात लपवावा, अशी त्याची अक्कल. मला गुंडाळून काउंटरखालच्या जादा दांडक्यावर बसवलं. माझ्यासारख्या कागदाला पुन्हा पात्याशेजारी. मी काय म्हणू?

सहीला सहा दिवस उरले होते. शनिवारची गर्दी होती. ऑर्विल आत हाडं तोडत होता, काउंटरवर मार्लिस. वरचं रीळ संपलं. समोर ड्वेन उभा, रविवारच्या जेवणासाठी डुकराची मांडी घेऊन. मार्लिसनं खालून माझं दांडकं ओढलं, माझं टोक वर घेतलं आणि टर्रकन फाडलं. दोन फूट. वेलबर्ग गाव आणि त्यापुढची खोडलेली जागा.

चित्र वरच्या बाजूला होतं. तिनं त्यावर मांडी ठेवली, चार घड्या घातल्या, दोरी बांधली. गर्दीत दिसलं नसेल, असं सगळे म्हणतात. मला शंका आहे.

तो तुकडाही मीच. ड्वेनच्या स्वयंपाकघरात त्याची बायको आयोन हिनं दोरी कापली, मांस काढलं आणि मला चुरगळणार तोच थांबली. तिनं मला टेबलावर सपाट केलं. चरबीच्या डागातून रेघा जास्तच ठळक दिसत होत्या. ड्वेननं चष्मा लावला. हे आपलं स्टेशन, तो म्हणाला. हे कंपनीचे मैलाचे आकडे, कंपनी लिहिते तसेच. ते आकडे आर्डेलनं दिलेल्या जुन्या नकाशातले होते, मापासाठी घेतलेले. मग त्याचं बोट खोडलेल्या जागेवर आलं आणि त्यानं मोठ्यानं वाचलं.

"राडमाकर बाद."

तेव्हा मला कळलं, माझ्यावर काय लिहिलं होतं.

मांडी भाजली नाही त्या दिवशी. आयोन म्हणाली ऑर्विलला जाऊन विचार. ड्वेन म्हणाला विचारून काय, तो डॉक्टरनं सांगितलंय म्हणेल. रविवारी चर्चमध्ये त्यानं ऑर्विलशी हात मिळवला नाही. सोमवारी दूधवाल्यांना कळलं, मंगळवारी गावाला. बुधवारी दुकानात तीनच गिऱ्हाइकं आली, तीही बाहेरगावची. इकडं ऑर्विल दांडक्यावरचा फाटलेला काठ धरून उभा. त्यानं मार्लिसला विचारलं, तू यातलं काही वापरलंस का. ती म्हणाली दुकानात कागद असतो तो वापरायलाच. त्याला तिचा संशय, तिला त्याचा, गावाला दोघांचा. मी दोन घरांत फाटून पडलेलो.

गुरुवारी दुपारी दुकान बंद व्हायच्या वेळी ड्वेन आला. त्यानं तुकडा काउंटरवर पसरला.

"हे काय आहे?"

"माझा कागद आहे," ऑर्विल म्हणाला.

"तुझा की कंपनीचा? आकडे आर्डेलच्या कचेरीतले. अक्षर तुझं. माझ्या गिरणीच्या जागी खोडलंय. उद्या बारा वाजता मला सही करायचीय, ऑर्विल. तुला ठाऊक होतं आणि तू मला सॉसेज विकत होतास."

ऑर्विलनं एप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"खरं सांगितलं तर हसशील."

"पाच दिवस हसलो नाही मी. हसव."

ऑर्विलनं मला, म्हणजे उरलेल्या मला, काखेत घेतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि दोघं चालत घरी आले. तळघरात त्यानं मला पसरलं आणि तुकडा माझ्या टोकाशी लावला. कपाटातून पुठ्ठ्याचा लोण्याचा कारखाना काढला, दोन छोटे डबे काढले आणि एक इंजिन, मुठीत मावेल एवढं.

ड्वेनला तरीही पटेना. हा देखावा कधी उभा केलास, त्यानं विचारलं. खाली वाकून तो माझ्यावरची अक्षरं एकेक करून वाचायला लागला. जिना. भट्टी. मोरी. मशीन. घरी तुकड्यावर तो शब्द त्यानं गिरणीचं मशीन समजून सोडून दिला होता; आता त्यानं मान वर करून खऱ्या मशीनकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा मशीनकडं. आणि कपड्यांच्या उपड्या टोपलीवर बसला.

मला वाटलं, आता हसेल. ऑर्विललाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं आधीच कान लाल करून ठेवले होते.

"म्हणजे कंपनीनं मला काढलेलं नाही," ड्वेन म्हणाला.

"नाही."

"तू काढलंस."

ऑर्विल ते छोटं इंजिन हातात फिरवत राहिला.

"कंपनीनं काढलं असतं तर मी समजून घेतलं असतं. ती मला कुठं ओळखते. तू तर माझ्या गिरणीच्या गोण्यांवर लोळून मोठा झालास."

"जागा नव्हती रे."

"डुकरांना आहे जागा. ते कोंडवाडे पाडून वीस वर्षं झाली."

"बाबांची डुकरं तिथनं जायची."

"माझे बाबा माझ्या गिरणीत होते."

ऑर्विलनं त्याचा हात धरला आणि अंगठा त्या खोडलेल्या जागेवर नेला. "हात लावून बघ," तो म्हणाला. "सात वेळा काढलीय. आठव्यांदा काढली असती तर कागद फाटला असता."

ड्वेननं अंगठा फिरवला. खाटकाचा तो जाड कागद तिथं कांद्याच्या सालीसारखा झाला होता. त्याचा अंगठा थांबला, परत फिरला. मी साक्षीला आहे, त्या अंगठ्याचा दाब हळूहळू कमी झाला.

जिन्यात मार्लिस उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"मशीन हलणार नाही," ती म्हणाली.

"हो गं," ऑर्विल म्हणाला.

"पण त्याला झाकण आहे. मी सोमवारी धुते. बाकीचे सहा दिवस झाकणावर कुणी काय ठेवलं ते बघायला मला वेळ नसतो."

मग ड्वेन म्हणाला, "म्हणजे माझी गिरणी दर सोमवारी बंद."

"आत्ता कुठं उघडी असते?" मार्लिस म्हणाली. "सोमवारी तू बारा वाजता उगवतोस."

तेव्हा तो हसला. पण संशय असा एका हसण्यात जात नाही. त्यानं ऑर्विलला आपल्यासमोर आर्डेलला फोन करायला लावला आणि स्वतः रिसीव्हरला कान लावून उभा राहिला. आर्डेल म्हणाला की आठवड्याला तीन डबे मिळतात तोवर त्या फाट्याला कुणी हात लावत नाही, आणि माझा नकाशा परत कधी देणार? शुक्रवारी बाराला ड्वेननं शहरात फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

मार्लिसनं चिकटपट्टी आणली. तिनंच मला जोडलं. आठव्यांदा गिरणी काढली ती ड्वेननं, स्वतःच्या हातानं, तिन्ही सायडिंगांसकट, मशीनच्या चौकोनावरून सरळ आडवी. फार वाकडी काढली. पण दाब असा की मागच्या बाजूला उमटली.

त्यानंतर अकरा वर्षं खरा फाटा चालला. मग कंपनीला तीन डबेही पुरेनात. टेपवाली माणसं आली, आणि या वेळी ती खरीच कंपनीची होती. रूळ गेले, दोन वर्षांनी गिरणीही गेली. तळघरातली मात्र चालूच राहिली. ऑर्विलनं मला फळीच्या खालच्या अंगाला खिळे मारून लावलं होतं, कुठं काय आहे ते बघायला. दर मंगळवारी ड्वेन यायचा. दोघं खऱ्या वेळापत्रकाप्रमाणं गाडी चालवायचे, डब्याडब्याची चिठ्ठी हातात धरून. गाडी सुटायच्या आधी ड्वेन वाकायचा आणि फळीखाली बोट घालून चाचपायचा, आपली गिरणी कागदावर आहे ना. थट्टा म्हणून सुरू झालं होतं. तेवीस वर्षं चाललं, तेव्हा थट्टाच होती की काय, मला सांगता येत नाही. सोमवारी मशीन धडधडायचं आणि मीही त्याबरोबर हलायचो. सवय झाली.

गेल्या पानगळीत ऑर्विल गेला. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. त्या हिवाळ्यात तळघरात कुणी दिवा लावला नाही. वसंतात मार्लिसनं घर विकलं, ती बहिणीकडं राहायला जायची होती. माणसं आली, मशीन घेऊन गेली. मी फळीखाली लटकत होतो आणि पात्याचा आवाज आठवत होतो.

मग परवा ड्वेन उतरला. तोही आता ऐंशीच्या घरात. आयोन नाही. गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोन खोल्यांत राहतो. त्यानं फळी मोजली, गिरणी मोजली, मग खिळे उपसून मला काढलं आणि चिकटपट्टीवर अंगठा ठेवला. खिशातून चाकू काढला. मी म्हटलं, झालं. हा आपला तेवढा तुकडा कापून नेणार. बाकीचा मी कचऱ्यात. तेवीस वर्षं चाचपत होता, ते यासाठीच.

मार्लिस जिन्यात बसली होती, पूर्वीसारखीच. ती म्हणाली, "त्या शनिवारी मी पाहिलं होतं हं, ड्वेन. चित्र होतं ते कळत होतं मला."

"मग फाडलंस का?"

"म्हटलं, फाटलं की नाद सोडेल. माझं तळघर सुटेल." तिनं कठड्यावरची धूळ पुसली. "त्याला कधी सांगितलं नाही."

"त्याला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, मार्लिसनं गिऱ्हाइकाला न बघता कागद दिलेला मी कधी पाहिला नाही."

माझी शंका खरी होती तर. पण खरी ठरल्याचा आनंद काही झाला नाही.

चाकू त्यानं दोरी कापायला वापरला. मला गुंडाळून बांधलं आणि सगळा नेला. फळी, कारखाना, डबे, सगळं. त्याच्या खोलीची भिंत दहा फुटांची. बाविसातलं दहात बसवायचं, म्हणजे गाळणं आलंच. काल दुपारी त्यानं मला टेबलावर पसरलं, अर्धा टेबलावर, अर्धा पलंगावर. मार्लिस भाजीचा रस्सा घेऊन आली होती, ती शेजारी बसली. त्यानं खोडरबर काढला.

मी अंग आक्रसून घेतलं.

त्यानं पूल खोडला. काकड्यांची पिंपं खोडली. डुकरांच्या कोंडवाड्यांपाशी थांबला आणि ते राहू दिले. मग गिरणीपाशी आला. तीन सायडिंगांतली दोन त्यानं स्वतःच पुसली, इतकी हळू की पातळ जागा फाटली नाही. मोकळी झालेली जागा फुंकली. आणि तिथं रुळाच्या मागं एक छोटा चौकोन काढला. दाब पुरता जोराचा.

"हे काय?" मार्लिसनं विचारलं. "इथं काही नव्हतं."

"त्याचं दुकान."

"दुकानाला सायडिंग नव्हतं. तिथं कधी एक डबा आला नाही."

"म्हणूनच त्यानं काढलं नाही. डबा येत नाही तर कशाला जागा अडवायची, असंच म्हणाला असणार." ड्वेननं चष्मा काढून पुसला. "तेवीस वर्षं मी वाकून बघत आलो, माझी गिरणी आहे की नाही. त्याचं दुकान नाही, हे मला एकदाही दिसलं नाही."

मार्लिसनं चौकोनावर बोट ठेवलं. मग ड्वेननं चौकोनाशेजारी लिहिलं, आणि लिहिता लिहिता माझ्यासाठीच वाचावं तसं मोठ्यानं म्हणाला, "टेस्की. खोडायचं नाही."

तर असा मी आता दोन खोल्यांच्या घरात, टेबलावर आणि पलंगावर मिळून राहतो. सुतार पुढच्या आठवड्यात येईल. मग फळीखाली पुन्हा अंधार. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे की कधी कुणी म्हातारा रुळांजवळ टेप घेऊन वाकलेला दिसला, तर पडद्याआडून बघू नका. जाऊन विचारा, काय काढतोस, आणि त्यात काय सुटलंय ते नीट बघा. आणि माझ्यासारखा कुणी कागद हाती आला तर त्यात मांस गुंडाळायच्या आधी एकदा उलटून पाहा.

ड्वेन आता खुर्चीत डुलक्या घेतोय. चांगला माणूस आहे, मी काही म्हणत नाही. पण खोडरबर अजून टेबलावरच आहे. माझं लक्ष आहे.